दाजींच्या घरच्या गोळ्या

"गोळ्या विकत आणतो तो शिकारी कसला! माझ्या गोळ्या मी घरी ओततो. शिसं असलं की झालं. आणि शिसं काय, आपल्याकडे पोत्यानं पडलंय."

असं आमचे दाजी, वर्लिन स्टिल्टनर, हरणांचा हंगाम तोंडावर आलेला असताना, खत-बियाण्याच्या दुकानात चारचौघांच्या देखत म्हणाले. म्हणाले आणि ताठ मानेनं बाहेर येऊन ट्रकमध्ये बसले. मी शेजारी. ओढ्याच्या वळणापर्यंत ट्रक दामटला. वळणावर गियर बदलला आणि मला विचारलं, "डॉर्सी, गोळी ओततात म्हणजे नक्की काय करतात रे?"

झालं होतं असं. त्या वर्षी अख्ख्या देशाला कसली तरी भीती बसली होती आणि ज्याला त्याला काडतुसं हवी होती. आमच्या खोऱ्यात ती शिल्लकच नव्हती. दुकानदारानं काडतुसांच्या फळीवर कुत्र्यांचे पट्टे मांडून ठेवले होते. दाजी त्या पट्ट्यांकडे बघत उभे होते, तेवढ्यात मागून रॉइस प्रेटर आला. रॉइसची सॉ मिल. दाजींनी आयुष्य तिथं लाकडं कापण्यात घालवलं, मी माझा उजवा खांदा तिथंच निखळवून घेतला, आणि आदल्या वर्षी रॉइसनं निम्मी माणसं घरी बसवली त्यात आम्ही दोघंही होतो.

"वर्लिन, तुझी बंदूक थर्टी-थर्टीच ना?" रॉइस म्हणाला. "माझ्या तळघरात पेट्या आहेत लेका. येऊन एक डबा घेऊन जा. पैसे नकोत."

पैसे नकोत म्हणाला तिथं सगळं बिघडलं. नुसतं घेऊन जा म्हणाला असता तर दाजींनी कुरकुरत का होईना घेतला असता.

घरी आलो तर माझी अक्का, म्हणजे ग्लेना, ओसरीवर बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. मीच तिला सांगून टाकलं.

"डबा देत होता?" अक्का म्हणाली.

"देत होता."

"आणि हा नको म्हणाला?"

"मी ऐकतोय, मी इथंच आहे," दाजी म्हणाले.

"तू इथंच आहेस हे दिसतंय मला. डबा कुठं दिसत नाही." तिनं शेंगांची टोपली खाली ठेवली. "वर्लिन, एक गोष्ट पुन्हा सांगते. त्या रांगेत मी आता उभी राहणार नाही."

ती रांग म्हणजे चर्चची. गेल्या हंगामात दाजी हर्नियाच्या ऑपरेशननं आडवे झाले होते, हरीण मिळालं नाही, आणि जानेवारीपासून अक्का दर शनिवारी चर्चच्या तळघरात शिधा आणायला जात होती. शिधा वाटायला रॉइसची बायको, इमोजीन. आधी एक भजन म्हणायचं, मग छातीवर गोल पिवळं लेबल चिकटवून घ्यायचं, त्यावर छापलेलं असतं 'आमचे पाहुणे'. तिसऱ्या शनिवारी अक्का ते लेबल काढायला विसरली आणि तसंच छातीवर घेऊन पोस्टात, दुकानात, आमच्या चुलतीच्या घरी, सगळीकडे फिरून आली. कोणी काही बोललं नाही. घरी आरशात बघितलं तेव्हा तिला कळलं. त्या दिवशी तिनं कोट काढला, खुंटीला लावला आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली.

एक चांगला नर मिळाला की अक्का त्याचं मांस बरण्यांत भरते, खिमा करते, हाडांचं सार करते, आणि फेब्रुवारीपर्यंत कोणापुढं हात पसरावा लागत नाही.

"नाही उभी राहणार तू," दाजी म्हणाले. "माझा शब्द."

"शब्द खाऊन पोट भरत नाही."

"गोळ्या होतील."

"त्या तरी खाता येतील का?" असं म्हणून अक्का पुन्हा शेंगा सोलायला लागली.

आमच्या खोऱ्यात फोनला रेंज नाही. शाळेच्या भिंतीपाशी गाडी लावली की शाळेचं इंटरनेट पकडतं. तिथं जाऊन आम्ही व्हिडिओ लावला. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा, चामड्याचा एप्रन बांधून, इतक्या स्वच्छ टेबलापाशी उभा की वाटावं केक करणार आहे. शिसं कसं वितळवायचं, साचा कसा तापवायचा, त्याला आतून काजळी कशी धरायची, सगळं दाखवलं. मग बोट वर करून म्हणाला, "आता नवशिक्यांसाठी सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टी. पहिली..." आणि तोंड उघडं ठेवून थिजला. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं.

आम्ही वाट बघितली. दाजींनी फोन काचेला लावून बघितला, टपावर धरून बघितला. म्हातारा तसाच, बोट वर, तोंड उघडं.

तेवढ्यात शाळेचा झाडूवाला खिडकीवर टकटक करायला लागला. "काय चाललंय इथं? मुलं सुटायची वेळ झाली. दोन थोराड माणसं गाडीत बसून फोनमध्ये काय बघताय?"

"गोळ्या कशा करायच्या ते," दाजी खरं बोलून गेले.

शाळेच्या दारात असं बोलायचं नसतं. झाडूवाला तीन पावलं मागं सरकला आणि खिशातून फोन काढायला लागला. दाजींनी ट्रक असा काढला की मागं माझी टोपी उडाली, ती आणायलाही थांबले नाहीत.

"महत्त्वाच्या दोन गोष्टी राहिल्या, दाजी," मी म्हणालो.

"महत्त्वाच्या गोष्टी कुणाला माहीत नसतात? त्या सांगायला माणूस कशाला लागतो?"

बाकी सामान घरात होतं. दाजींच्या वडलांची एक लाकडी पेटी होती, तिच्यात काडतुसं भरायचा दाबयंत्राचा खटारा, वापरलेल्या पितळी नळकांड्या, डब्यात बंदुकीची दारू, लहान मुलांच्या पिस्तुलात असतात तशा टिकल्या आणि एक गंजलेला साचा, सगळं होतं. नव्हती ती फक्त पुढं बसवायची गोळी.

शिसं मिळवायला दाजींनी सोपा रस्ता काढला. गाडीचं चाक डुलू नये म्हणून रिमच्या कडेला छोटी वजनं ठोकतात. ती शिशाची असतात हे खोऱ्यातल्या पोरासोरांनाही माहीत आहे. आम्ही गॅरेजा-गॅरेजांतून हिंडलो. प्रत्येक गॅरेजात दाजी म्हणायचे, "जुनी वजनं पडली असतील तर बघा," आणि प्रत्येक गॅरेजात कोणीतरी म्हणायचं, "कशाला रे वर्लिन, वजन कमी झालंय का तुझं?" बादली भरत आली तेव्हा शेवटच्या गॅरेजात तिची कडी तुटली. ग्रीस सांडलेल्या फरशीवर दाजी ढोपरांवर रांगत, गाड्यांच्या खाली हात घालून वजनं गोळा करत होते. ऑपरेशनची जागा दुखायला लागली की थांबायचे, गाडीच्या बंपरला कपाळ टेकायचे, पुन्हा रांगायचे. वर गाडीत मालकीणबाई बसल्या होत्या. त्यांनी काच खाली करून विचारलं, "भाऊ, ब्रेकही बघून घेता का?"

दाजींनी ब्रेक बघितले. खरंच बघितले.

मासे तळायची गॅसची शेगडी ओसरीवर मांडली. भांडं कुठलं घ्यायचं, तर अक्काचं घेवडा शिजवायचं बिडाचं पातेलं.

"त्यात पुन्हा घेवडा शिजणार नाही," अक्का दारातून म्हणाली.

"धुतलं की झालं."

"शिसं धुऊन जात नाही, वर्लिन."

"मग दुसरं घेऊ."

"कुठून?" असं विचारून ती थांबली नाही. आत गेली. जरा वेळानं आतून तवे खाली-वर केल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

वजनं वितळायला लागली. दाजी खूश झाले. त्यांनी ज्योत मोठी केली. मी म्हणालो, दाजी, म्हातारा म्हणत होता हळूहळू. दाजी म्हणाले, म्हाताऱ्याला वेळच वेळ आहे, माझा हंगाम सोमवारी उघडतो. ज्योत आणखी मोठी केली. वर लोखंडाच्या क्लिपा तरंगून आल्या, त्या पळीनं काढून टाकल्या. मग रस दाट व्हायला लागला. आणखी दाट. शेवटी पातेल्यात अशी काही करडी, गुठळ्या-गुठळ्यांची लापशी झाली की पळी उभी राहिली. तरी दाजींनी ती साच्यात दामटून भरली. साचा उघडला तर आत गोळ्या नव्हत्या. शेपटी नसलेल्या, डोकं नसलेल्या, पाठीला पोक आलेल्या उंदरांसारखं काहीतरी पडलं.

मी गॅरेजवाल्याला जाऊन विचारलं. तो इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं. "अरे, हल्ली शिशाची कुठं येतात! निम्म्यावर जस्ताची असतात. दिसायला तशीच. जस्त त्यात मिसळलं की संपलं. त्याचं काही होत नाही."

त्याचं एक झालं. पातेल्याच्या आकाराची करडी लादी झाली. दाजींनी ती ओसरीच्या दाराला अडसर म्हणून लावली आणि दोन दिवस तिच्यावर पाय ठेवून बसून राहिले.

मग त्यांना अग्निशमन केंद्राच्या मागचा बांध आठवला. तिथं दर शरदात नेमबाजीच्या शर्यती लागतात, जिंकेल त्याला डुकराची मांडी. सगळ्या खोऱ्यानं बापजाद्यांपासून त्या मातीच्या बांधात गोळ्या घातल्यात. ते शिसं निदान शिसंच असणार.

सकाळपासून आम्ही तो बांध खणला. मी डाव्या हातानं, दाजी पोटाला पट्टा बांधून. माती ओली, चिकट, फावड्याला धरून बसणारी. चाळणी म्हणून अक्काच्या कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणलेली. माती घालायची, जाळी दोघांनी धरून हलवायची, वर चेपलेल्या, फुललेल्या, पैशाएवढ्या गोळ्या राहायच्या. दुपारपर्यंत दाजींच्या हाताला फोड आले आणि फुटले. थंडी अशी की फुटलेल्या फोडांना आधी काही वाटलं नाही, गाडीत हीटर लावल्यावर वाटलं.

रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी हळू व्हायची.

"काय वर्लिन, बटाटे लावले होते का?"

"अरे, बायको पुरतोयस की उकरतोयस?"

मग रॉइसची गाडी आली. ती थांबलीच. रॉइस खाली उतरला, जाळीत डोकावला, एक चेपलेली गोळी उचलून बघितली. "ही माझी असेल बघ," म्हणाला. "सत्त्याण्णव सालची मांडी मीच जिंकली होती." आणि ती गोळी परत जाळीत ठेवली, अगदी हळूच, जणू कोणाच्या ताटात वाढतोय. "वर्लिन, तो डबा अजून आहे."

दाजी जाळी हलवत राहिले. जाळीत माती उरली नव्हती तरी हलवत राहिले.

पाणी आणि तापलेलं शिसं यांचं पटत नाही, एवढं दाजींना वडलांकडून माहीत होतं. त्यामुळं यावेळी त्यांनी काळजी घेतली, ती अशी की बघत राहावं. ते शिसं त्यांनी धुतलं, फडक्यानं पुसलं, अक्काच्या बिस्किटांच्या ट्रेवर एकेक तुकडा मांडला आणि ओव्हनमध्ये दिवसभर वाळवला. त्या दिवशी बिस्किटं झाली नाहीत. पळी वाळवली. साचा वाळवला. ओसरीच्या छताला गळका पत्रा होता त्याखाली ताडपत्री बांधली. मला म्हणाले, "डॉर्सी, घाम आला असेल तर लांब उभा राहा."

"थंडीनं दात वाजतायत माझे, दाजी."

"मग दात वाजवत लांब उभा राहा. एक थेंब, नुसता एक थेंब पाणी पडलं तर काय होतं माहीत आहे? सगळं शिसं छताला लागतं. माझे वडील सांगायचे."

शिसं वितळलं. यावेळी खरोखर आरशासारखं. त्यात दाजींना आपला चेहरा दिसत होता आणि तो त्यांना आवडत होता. गालात तंबाखूचा तोबरा होता, जसा तो झोपेखेरीज कायम असतो. शेगडीच्या डावीकडे त्यांचा थुंकायचा डबा, तोही पातेल्याएवढाच, जसा तो कायम असतो.

"हे बघ," दाजी म्हणाले, "याला म्हणतात काम," आणि समाधानानं मान वळवून पचकन थुंकले.

डाव्या बाजूला वळायचे ते उजव्या बाजूला वळले.

आवाज असा झाला की ओढ्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली. ताडपत्रीला चांदीचे तारे लागले. दाजींच्या टोपीला लागले, चष्म्याच्या काचांना लागले. चष्मा नसता तर डोळे गेले असते. मी लांब उभा होतो. एक मोठा थेंब हवेत उंच गेला, सावकाश खाली आला आणि दाजींच्या उजव्या बुटात वरच्या बाजूनं शिरला.

मग दाजी नाचले. बुटाची नाडी दुहेरी गाठीची, कारण दाजी सगळं पक्कं बांधतात. ते एका पायावर उड्या मारतायत, मी एका हातानं गाठ सोडतोय, ते ओरडतायत, "काप! काप!" आणि चाकू त्यांच्याच खिशात, उड्या मारणाऱ्या खिशात. अक्का आतून धावत आली आणि तिनं शिवणकामाच्या कात्रीनं बूट उभा कापला. मोजा घोट्यापाशी कातड्याला चिकटून गेला होता. तो निघाला तेव्हा त्याच्याबरोबर आणखी काहीतरी निघालं. अक्कानं ते बघितलं आणि मला म्हणाली, "तिकडं बघ तू."

दवाखाना डोंगरापलीकडे, विमा सॉ मिलच्या नोकरीबरोबर गेलेला. अक्कानं गाईच्या सडांना लावायचं मलम लावलं, जुन्या उशीच्या खोळीच्या पट्ट्या केल्या. दाजी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. एवढंच म्हणाले, "मी बघत होतो डब्याकडे. मी डब्याकडेच बघत होतो."

अक्का बाहेर आली. पातेल्यात थोडं शिसं अजून उरलं होतं, आणि ट्रेवर वाळवलेलं आणखी होतं. तिनं बाही वर केली, डोक्याला रुमाल बांधला, शेगडी बारीक पेटवली.

"अक्का, राहू दे," मी म्हणालो.

"भांडं तर गेलंच आहे माझं."

ती ओतायला लागली. पहिल्या दोन-चार गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या. "धिरड्यासारखंच आहे," ती म्हणाली, "तवा तापला नाही अजून." त्या परत पातेल्यात टाकल्या. मग साचा तापला. पळी तोंडाशी लावायची, थांबायचं, वरचं झाकण लाकडी दांड्यानं टिचकी मारून सरकवायचं, साचा उघडायचा, आणि फडक्यावर टपकन गोळी पडायची. गुळगुळीत, चकचकीत, कडा कशा कोरल्यासारख्या.  तिच्या कपाळावर घाम आला की ती मागं सरकून बाहीला पुसायची आणि मग पुढं यायची. अंधार पडायच्या आत फडक्यावर मूठभर गोळ्या जमल्या. इतक्या दिवसांत त्या घरात इतकं नीटनेटकं काहीच झालं नव्हतं.

दाजी लंगडत दारात येऊन उभे राहिले. गोळ्यांकडे बघत राहिले.

"साचा चांगला आहे वडलांचा," म्हणाले.

"हो," अक्का म्हणाली. "वर्लिन, याला काही चोपडायचं नसतं का? मेण, चरबी? नुसता धातूवर धातू घासणार ना नळीत."

"चोपडायला ती काय भाकरी आहे?"

अक्का आत निघून गेली.

दाजींनी पलंगावर बसून काडतुसं भरली. रविवारी, म्हणजे हंगामाच्या आदल्या दिवशी, बंदूक तपासायची म्हणून आम्ही परसात गेलो. कुंपणाच्या खांबावर मक्याच्या दाण्यांचा डबा ठेवला. दाजींनी नेम धरला, आणि डबा उडाला. मला खोटं वाटलं. दुसरा ठेवला, तोही उडाला. दाजी माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांचं लग्न आठवलं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण रस्त्यानं चर्चमधून लोक परतत होते, आणि त्यांत रॉइस आणि इमोजीनही होते. दाजींनी हात वर करून गाडी थांबवली.

"रॉइस! ये, बघ. घरच्या गोळ्या!"

आणि दाखवायला लागले. एक डबा, अजून एक डबा. प्रत्येक वेळी, "घरची आहे बरं का! तुझ्या तळघरातली नाही." मग रस्त्यावर थांबलेल्यांतल्या कोणीतरी डबा आणखी लांब ठेवायला सांगितलं. तो चुकला. दाजी म्हणाले वारा आहे. पुन्हा मारली, पुन्हा चुकली. वारा नव्हता. इमोजीन म्हणाली, "छान करता हो वर्लिन, स्वतःचं स्वतः करणं म्हणजे छानच." गाडी गेली. अक्का खिडकीत उभी होती. तिनं पडदा लावून घेतला.

दर गोळीबरोबर शिसं नळीच्या आत घासून चिकटत गेलं होतं. दाजींनी नळीत डोळा घालून बघितलं आणि म्हणाले, "काळोख आहे."

"साफ करू या," मी म्हणालो.

"सकाळी लवकर उठायचंय. बंदूक बरी आहे. वाराच होता."

हंगाम उघडतो त्या सोमवारी आमच्याकडे शाळा बंद असते, कोर्ट बंद असतं, सगळं खोरं नारिंगी बंडी घालून डोंगरावर असतं. दाजींना वर धारेवर चढवेना. घोटा सुजून दुधीएवढा झाला होता, बूट कापलेला. अक्कानं दोन लोकरी मोजे घालून वरून ब्रेडची प्लॅस्टिकची पिशवी दोरीनं बांधून दिली. पाऊल टाकलं की पिशवी चुरचुरायची. दाजी दर पावलाला शिवी द्यायचे, पण हळू आवाजात, शिकार आहे म्हणून.

खालच्या कुरणाच्या कडेला, ओकच्या झाडाखाली आम्ही बसलो. उरलेली काडतुसं बंदुकीत. गवतावर हिव पडलं होतं, श्वास दिसत होता. दाजींचा पाय थरथरायचा आणि पिशवी चुरचुरायची. मी ती हातानं धरून बसलो.

उजाडलं आणि नर आला. मोठा, मान फुगलेली, शिंगं अशी की पुढच्या झाडात अडकावीत. ओढ्याकडून चालत, घाई नाही, जणू कुरणाचा सातबारा त्याच्या नावावर आहे. एवढ्या जवळ आला की त्याच्या नाकातून निघणारी वाफ दिसत होती.

दाजींनी पहिली मारली. आमच्या आणि हरणाच्या मधली माती उडाली. नर थांबला. मान वळवून आमच्याकडे बघितलं.

दाजींनी दांडी ओढून दुसरी सारली. खट्. काहीच झालं नाही. वडलांच्या टिकल्यांतली ती ओली निघाली.

"थांब रे," दाजी हरणाला म्हणाले. अगदी विनवणीच्या सुरात. "थांब जरा."

हरीण थांबलं होतं.

तिसरी सुटली ती कुठं गेली ते वरून कळलं. ओकची एक फांदी कडकडली आणि बांडगुळासकट खाली आली, आमच्या आणि हरणाच्या बरोबर मध्ये. नर दचकला, दोन उड्या मागं गेला. मग नाक वर करून वास घेतला. बांडगूळ हिरवंगार होतं आणि त्या थंडीत दुसरं हिरवं काही नव्हतं. तो हळूहळू पुढं आला आणि खायला लागला.

दाजींनी दांडी ओढली. बंदूक रिकामी होती. त्यांनी ती मांडीवर ठेवली. हरणाचे दात बांडगुळावर कचकच वाजत होते ते ऐकू येत होतं. मी दाजींकडे बघितलं नाही. ते रडत होते असं मी म्हणणार नाही, पण मी पाय घट्ट धरूनही पिशवी चुरचुरत होती.

खाऊन झाल्यावर नर ओढा ओलांडून पलीकडे, रॉइसच्या जमिनीत गेला. जरा वेळानं तिकडून एकच आवाज आला. एकच.

"डॉर्सी," दाजी म्हणाले, "घरी सांगू नकोस हं, तो खात होता ते."

शनिवारी दाजी स्वतः रांगेत उभं राहायला निघाले. अक्कानं यायचं नव्हतं, पण घोट्यामुळं त्यांना पिशव्या उचलता येईनात, म्हणून बरोबर मी जाणार होतो. तेवढ्यात अक्का कोट घालून गाडीत येऊन बसली.  दाजी म्हणाले, "तू कशाला? मी शब्द दिला होता."

"चल," अक्का म्हणाली. "भजनाला उशीर होतो."

चर्चच्या तळघरात माणसांच्या तीन ओळी होत्या. भजन झालं. दाजींना भजनाचे शब्द येत होते आणि ते मोठ्यानं म्हणाले. इमोजीननं स्वतः येऊन लेबलं चिकटवली, दाजींच्या बंडीवर ते धरेना म्हणून दोनदा दाबलं. पिठाची पिशवी, घेवड्याचे डबे, पीनट बटर. मग ती आत गेली आणि पांढऱ्या कागदात बांधलेला एक गोठलेला गोळा घेऊन आली.

"हरणाचा खिमा आहे," ती म्हणाली. "रॉइसनं यंदा अख्खा नर दिला चर्चला. असा मोठा नर त्यानं बघितला नव्हता म्हणे. सुदैवी आहात, शेवटचा राहिला होता."

दाजींनी दोन्ही हातांनी तो घेतला. "थँक यू," म्हणाले.

गाडीत बसल्यावर अक्कानं आधी त्यांचं लेबल काढलं, मग स्वतःचं. दोन्ही एकमेकांना चिकटवून खिडकीतून टाकली.

संध्याकाळी तिनं खिमा परतला, कांदा घातला, पिठाचं पांढरं सार केलं, मक्याची भाकरी भाजली. घर वासानं भरलं. दाजी म्हणाले मला भूक नाही. अक्कानं ताट त्यांच्यापुढं ठेवलं. ते ताटाकडे बघत बसले. आम्ही जेवायला लागलो. शेवटी त्यांनी चमचा उचलला, मोठा घास घेतला आणि जोरात चावला.

आवाज आम्हाला दोघांनाही ऐकू आला.

दाजींनी तोंडातून बाहेर काढून तळहातावर धरलं. हरभऱ्याच्या डाळीएवढा शिशाचा तुकडा होता, आणि शेजारी अर्धी दाढ.